मत ठरलेले नाही, हा गुन्हा नव्हे

२०२४ चा रमजान आठवा. १२ मार्च २०२४ रोजी पहिला रोजा झाला. चारच दिवसांनी, १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. होळी, गुड फ्रायडे आणि गुढीपाडवा एकामागोमाग एक आले. ११ एप्रिलला ईद झाली, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, १७ एप्रिलला रामनवमी. रामनवमीच्याच संध्याकाळी प्रचार थंडावला आणि १९ एप्रिलला भंडारा-गोंदिया मतदारसंघात मतदान झाले. एका महिन्यात इतके सण आणि त्यांच्या मधोमध निवडणूक. शिरखुर्म्याची वाटी, पुरणपोळीचे ताट आणि उमेदवाराचे पत्रक अशा तिन्ही गोष्टी त्या दिवसांत एकाच घरात पोचत होत्या.

सानगडीच्या लोकांना आणखी एक योग लाभला. तालुक्याच्या गावी, साकोलीत, १३ एप्रिलला काँग्रेसचे राहुल गांधी यांची सभा झाली आणि दुसऱ्याच दिवशी भाजपचे अमित शहा यांची. देशातल्या दोन मोठ्या पक्षांचे दोन मोठे नेते चोवीस तासांच्या अंतराने एकाच गावात येऊन गेले. दोन्ही सभा ऐकणारी माणसे परिसरात नक्कीच होती. त्या दोन भाषणांनी किती जणांचे मत बदलले, हा प्रश्न मात्र दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना फारसा पडला नाही. गर्दी किती होती, यावरच वाद रंगला.

निवडणुकीच्या दिवसांत पानठेल्यावर एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘‘काय काकाजी, यंदा कोणाचं जमते?’’ आणि उत्तर येते, ‘‘पाहू नं भाऊ, अजून काही ठरवलं नाही.’’ हे उत्तर कोणालाच आवडत नाही. कार्यकर्त्याला वाटते, माणूस लपवतो आहे. उमेदवाराला वाटते, याला काहीतरी हवे आहे. स्वतःच्या जातीचा, धर्माचा माणूस तर रागावतोच, ‘‘अजून ठरवलं नाही म्हणजे? आपलं मत कुठं जाते, हे का सांगा लागते?’’ मत न ठरलेला मतदार सगळ्यांच्याच लेखी संशयित. खरे तर लोकशाहीचा भार सर्वांत जास्त कोणी वाहत असेल, तर तो हाच माणूस वाहतो.

त्याचे मोल किती, हे साकोलीला कोणी नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत साकोली मतदारसंघात काँग्रेसचे नाना पटोले यांना ९६,७९५ मते मिळाली आणि भाजपचे अविनाश ब्राह्मणकर यांना ९६,५८७. फरक फक्त २०८ मतांचा. एका मोठ्या लग्नाच्या पंगतीत याहून जास्त माणसे जेवून उठतात. त्यांतल्या शंभर-सव्वाशे जणांनी आदल्या रात्री वेगळा विचार केला असता, तर आमदार वेगळा असता. ती शंभर-सव्वाशे माणसे कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, कोणत्या गावची होती, हे कोणीही सांगू शकत नाही. मतपेटीचे हेच सौंदर्य आहे.

‘इथे मतदान धर्मावर आणि जातीवर ठरते, बाकी सगळे दिखाऊ’ असे म्हणणाऱ्यांनी भंडारा-गोंदियाच्या लोकसभा निकालांकडे एकदा नीट पाहावे. २००९ मध्ये येथून राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल निवडून आले. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर नाना पटोले यांनी त्यांचा पराभव केला. पटोले यांनी खासदारकीचा राजीनामा दिल्यावर मे २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हाही रमजान सुरू होता. कडक उन्हात रोजा ठेवून लोक रांगेत उभे राहिले. काही केंद्रांवर यंत्रे बंद पडली, फेरमतदान घ्यावे लागले आणि राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे विजयी झाले. वर्षभरात, २०१९ मध्ये, भाजपचे सुनील मेंढे मोठ्या फरकाने जिंकले. २०२४ मध्ये त्याच मेंढे यांना काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांनी ३७,३८० मतांनी हरवले.

पंधरा वर्षांत पाच निवडणुका झाल्या आणि दर वेळी पारडे फिरले. या काळात जिल्ह्यातील हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांचे प्रमाण उलटेपालटे झाले नाही. देवळे तीच आहेत, विहार तेच आणि मशिदीही त्याच. तरी निकाल बदलत राहिले, कारण काठावर बसलेली माणसे दर वेळी पुन्हा विचार करत राहिली. धर्माचा परिणाम होत नाही असा याचा अर्थ नाही. परिणाम होतो; पण तो एकटा पुरा पडत नाही, एवढे मात्र या आकड्यांतून दिसते.

मग पक्षांची अधिवेशने, महासभा, मेळावे नेमके काय करतात? २८ डिसेंबर २०२३ रोजी काँग्रेसने स्थापना दिनाची मोठी सभा नागपुरात घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपचे राष्ट्रीय अधिवेशन दिल्लीत भरले; महिनाभरापूर्वीच, २२ जानेवारीला, अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झालेली होती. अशा मंडपात बसलेला माणूस बहुधा आधीच त्या पक्षाचा असतो. अधिवेशन त्याला नवे मत देत नाही, त्याच्या मताला धार देते. तो गावी परततो आणि घरोघरी जाऊ लागतो. अधिवेशनाचा खरा परिणाम मंडपात दिसत नाही. तो नंतर चावडीवर दिसतो, पानठेल्यावर आणि दिवाळीनंतरच्या मंडईत दिसतो. झाडीपट्टीतल्या मंडईच्या दिवसांतच गेली विधानसभा निवडणूक झाली आणि नाटकाच्या उद्‌घाटनाला कोण कोण स्टेजवर चढले, हे प्रेक्षकांनी पाहिलेच आहे.

ही गोष्ट अमेरिकेत अभ्यासकांनी पूर्वीच मोजून पाहिली होती. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी नावाच्या एका परगण्यातील लोकांना मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा भेटून त्यांचे मत विचारले. मधल्या काळात दोन्ही पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने झाली. आढळले असे की, जवळपास निम्म्या लोकांचे मत मे महिन्यातच ठरलेले होते. प्रचारामुळे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले लोक फारच थोडे होते. रेडिओ आणि वर्तमानपत्रांपेक्षा शेजारी, नातेवाईक, कामावरचा सोबती यांच्या बोलण्याचा प्रभाव अधिक होता.

त्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपल्याकडे फार लागू पडतो. सर्वांत उशिरा निर्णय घेणारी माणसे कोण होती? ज्यांना दोन बाजूंनी ओढ होती, ती. तिथे कॅथलिक बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि प्रोटेस्टंट रिपब्लिकन पक्षाकडे झुकत. सुखवस्तू लोक रिपब्लिकनांकडे आणि गरीब डेमोक्रॅटांकडे. मग सुखवस्तू कॅथलिकाने काय करावे? गरीब प्रोटेस्टंटाने कुठे जावे? धर्म एकीकडे ओढतो, चूल दुसरीकडे. अशी माणसे निर्णय लांबणीवर टाकत होती.

साकोली तालुक्यात ही ओढाताण घरोघरी आहे. धानाची शेती करणाऱ्याला रामाविषयी श्रद्धा आहे आणि धानाच्या चुकाऱ्याची चिंताही आहे. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याची घोषणा केली. बोनस किती आणि खात्यात कधी, यावर त्याचे वर्षाचे गणित बसते. मुंडीपारच्या भेल प्रकल्पाचे भूमिपूजन २०१३ मध्ये झाले. कारखाना उभा राहिला नाही आणि गावची मुले पुण्याला निघून गेली. तो मुलगा कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या बापाचा प्रश्न एकच आहे. मुस्लिम घरातल्या बाईच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे दीड हजार जमा होतात आणि मोहल्ल्यात तिला सांगितले जाते की, सत्तेतल्या पक्षांना मत द्यायचे नाही. बौद्ध तरुणाला संविधानाची काळजी आहे, पण त्याच्या वस्तीतला रस्ता दुसऱ्याच पक्षाच्या माणसाने केलेला आहे. ही माणसे अडाणी नाहीत की विकाऊही नाहीत. त्यांच्या मनात दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या आहेत.

नेमका हा दुसरा आवाज बंद करण्यासाठी प्रचारात धर्म आणला जातो. ‘धर्म धोक्यात आहे’ म्हटले की धानाचा भाव विचारणे क्षुद्रपणाचे वाटू लागते. हे कोणा एकाच बाजूला चालते असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये योगी आदित्यनाथांच्या सभेतून ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा महाराष्ट्रात आली. तिला खुद्द महायुतीतील अजित पवार आणि पंकजा मुंडे यांनी नापसंती दर्शवली. दुसऱ्या बाजूला मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला. त्यावरून ‘व्होट जिहाद’ हा शब्द सभांतून फिरला आणि त्याला ‘धर्मयुद्धा’चे उत्तर देण्याची भाषा झाली. एका बाजूच्या आवाहनाने दुसऱ्या बाजूचा प्रचार आपोआप होतो. मौलानांच्या एका निवेदनाने मुस्लिमांची मते किती वळली, हे सांगता येत नाही. पण ते निवेदन दाखवून इतरांना घाबरवणे मात्र सोपे झाले, हे मुस्लिम समाजाने प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

‘मुसलमान एकगठ्ठा मत देतात’ हे वाक्य तर इतके रुळले आहे की, मुस्लिम मतदार कधी विचारात पडत असेल, ही शक्यताच कोणी धरत नाही. विरोधक त्याला गठ्ठा समजतात, आणि जे त्याचे हितचिंतक म्हणवतात तेही गठ्ठाच समजतात. ज्याचे मत आधीच धरलेले आहे, त्याच्याकडे कोणी रस्त्याचा, शाळेचा, कब्रस्तानच्या कुंपणाचा हिशेब घेऊन येत नाही. काठावरच्या मतदाराला निदान विचारले तरी जाते. गठ्ठ्याला गृहीत धरले जाते.

धर्म आणि पक्ष यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. असहकाराचा ठराव मंजूर झाला आणि त्याला खिलाफतीच्या प्रश्नाची जोड होती. विरोध करणारे महंमद अली जिना यांना सभेने बोलू दिले नाही आणि ते काँग्रेसबाहेर पडले. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा तो मोठा क्षण होता, यात शंका नाही. पण मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्ताननेच खिलाफत मोडीत काढली आणि जोड निखळली. सप्टेंबर १९२७ मध्ये त्याच नागपुरात दंगल झाली. त्या अधिवेशनातून टिकले काय? चार आण्यांचे सदस्यत्व, ज्यामुळे शेतकरी-कारागीर पक्षात येऊ शकला. आणि भाषेनुसार प्रांतिक समित्या, ज्या पुढे भाषावार राज्यरचनेचा पाया ठरल्या. धर्माच्या आधारावर उभा राहिलेला उत्साह सात वर्षांत विरला. साधे, रुक्ष, संघटनेचे निर्णय शंभर वर्षे पुरले.

उत्साहाने मते मिळत नाहीत असेही नाही. जून १९८९ मध्ये पालमपूरला भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने रामजन्मभूमीचा ठराव केला. १९८४ मध्ये दोन जागा जिंकणारा पक्ष त्या वर्षाच्या निवडणुकीत ८५ वर गेला. त्याआधी, १९८६ मध्ये, शाहबानो निकाल फिरवणारा कायदा करून काँग्रेसने मुस्लिम धर्मगुरूंचे ऐकले होते. धर्माचे पान दोन्ही बाजूंनी टाकले गेले. डाव कोणी जिंकला, हा पक्षांचा प्रश्न आहे. तलाकपीडित स्त्रीच्या पोटगीचे काय झाले, हा प्रश्न मात्र कित्येक वर्षे मागे पडला.

कायद्याने येथे रेघ ओढलेली आहे आणि ती ओढली जाण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट मार्ग आहे. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीतील भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. मशीद, मंदिर, चर्च प्रचारासाठी वापरता येत नाही, असे आचारसंहिता सांगते आणि धर्मस्थळांच्या राजकीय वापराला मनाई करणारा १९८८ चा स्वतंत्र कायदाही आहे. पण कायदा भाषण थांबवू शकतो, मनातली भीती नाही. तिथे धर्मालाच काम करावे लागेल.

आणि धर्माकडे त्यासाठी सामान भरपूर आहे. इस्लाममध्ये कोणत्याही कामाची सुरुवात नियतने होते. रोजाही नियत केल्याशिवाय होत नाही. दिवसभर उपाशी राहणे म्हणजे रोजा नव्हे. मत ही गवाही, म्हणजे साक्ष आहे, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये साक्षीविषयीची आज्ञा स्पष्ट आहे: साक्ष न्यायाची द्यावी, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. उमेदवार आपला आहे म्हणून त्याच्या बाजूने साक्ष देणे हे या आज्ञेत बसत नाही. तो दुसऱ्या धर्माचा आहे म्हणून त्याच्याविरुद्ध साक्ष देणेही बसत नाही.

ज्याचे मत ठरत नाही, त्याच्यासाठी तर इस्लाममध्ये एक खास नमाज आहे, इस्तिखारा. दोन रकात पढून माणूस अल्लाहकडे प्रार्थना करतो की, यात माझे भले असेल तर ते सोपे कर, नसेल तर मला त्यापासून दूर ठेव. सोबत मशवरा, म्हणजे जाणत्यांचा सल्ला घेण्याची रीत आहे. जो धर्म अनिश्चित माणसासाठी स्वतंत्र प्रार्थना ठेवतो, तो अनिश्चिततेला पाप मानत नाही, हे उघड आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण इतिकाफला बसतात. बाजार, घर, गप्पा सोडून मशिदीच्या एका कोपऱ्यात. मतदानापूर्वीचे ४८ तास प्रचार बंद ठेवण्याचा निवडणूक कायद्यातला नियम याच्याशी नाते सांगणारा आहे. शेवटचा निर्णय गोंगाटात घेऊ नये, इतकेच दोन्हींचे सांगणे. दुर्दैवाने त्याच ४८ तासांत आपल्याकडे पाकिटे आणि अफवा सर्वांत जास्त फिरतात.

हे शहाणपण एकट्या इस्लामचे नाही. केवळ परंपरा सांगते किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा बुद्धाचा उपदेश जिल्ह्यातल्या विहारांत ऐकायला मिळतो. ज्यांच्या खंजिरीचा आवाज विदर्भाच्या गावागावांत घुमला, त्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत बजावले आहे की, मताचा वापर चुकला तर घाव आपल्यावरच उलटतो. आणि डॉ. आंबेडकर तर या जिल्ह्याचे उमेदवारच होते. १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि आठ हजारांवर मतांनी ते हरले. तेव्हा मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालवले तर बाबासाहेबांना फायदा होईल, असा सल्ला त्यांना दिला गेला आणि संविधान लिहिणारा माणूस मत वाया घालवायला सांगणार नाही, म्हणून त्यांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. १९३५ च्या येवला परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे ते वाचत होते, तपासत होते. ‘अजून ठरवलं नाही’ म्हणणाऱ्या काकाजींना हसण्यापूर्वी ही एकवीस वर्षे आठवावीत.

रमजानमध्ये राजकीय इफ्तारांचा हंगाम असतो. सर्व धर्मांची माणसे एका दस्तरखानवर बसतात, ही गोष्ट चांगलीच आहे. सानगडीसारख्या गावात ती पक्षांच्या आधीपासून चालत आली आहे. पण टोपी घालून खजूर खाणाऱ्या नेत्याचा फोटो हा कामाचा हिशेब नव्हे, जसा आरतीच्या ताटाचा फोटो नव्हे. राष्ट्रपती असताना डॉ. अब्दुल कलाम यांनी २००२ मध्ये राष्ट्रपती भवनातील इफ्तार पार्टी रद्द करून तो खर्च अनाथाश्रमांकडे वळवला. भरल्या पोटाच्या पाहुण्यांना पुन्हा जेवू घालण्यात काय अर्थ, हा त्यांचा विचार रमजानच्या गाभ्याशी जास्त जवळचा होता.

यंदा रमजानमध्ये लोकसभेची किंवा विधानसभेची धामधूम नाही. म्हणूनच काही गोष्टी आत्ता ठरवून ठेवणे सोपे आहे. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी मतदार यादीत नाव नोंदवा, मत विकू नका, नियत साफ ठेवा, एवढे जरूर सांगावे. पक्षाचे नाव घेऊ नये. कीर्तनकारांनी आणि भन्तेजींनीही हेच करावे. ‘कोणाला’ हे मतदारावर सोडावे, ‘कसे’ हे धर्माने शिकवावे. अधिवेशनाहून परतलेल्या कार्यकर्त्याला गावाने घोषणा विचारू नये, ठराव विचारावा: धानाविषयी काय ठरले, कोणत्या तारखेपर्यंत, पैसा कुठून? आणि घरातल्या, मोहल्ल्यातल्या ज्या माणसाचे अजून ठरलेले नाही, त्याच्यावर दबाव आणण्याऐवजी त्याच्याशेजारी बसून त्याची अडचण ऐकावी.

शब-ए-कद्र नेमकी कोणती रात्र, हे निश्चित सांगितलेले नाही. शेवटच्या दहा दिवसांतील विषम रात्रींत ती शोधायची असते, म्हणून माणूस प्रत्येक रात्री जागतो. ठरलेली नसलेली गोष्ट माणसाला जागे ठेवते. मतदारसंघातले काही हजार लोक शेवटच्या दिवसापर्यंत असे जागे राहिले, म्हणूनच २०८ मतांचा निकाल लागू शकला. ते सगळेच आधी ठरवून मोकळे झाले असते, तर साकोलीच्या मैदानावर दोन दिवसांत दोन मोठे नेते कशाला आले असते?